सहा वाजून पाच मिनिटांचं पाणी

शनिवारी सकाळी पाण्याचा गढूळपणा मोजायच्या यंत्राचा सेल संपला, एवढंच खरं तर झालं. तो आणखी दोन दिवस टिकला असता तर रविवारची सभा ठरल्यासारखी पार पडली असती, टाळ्या वाजल्या असत्या आणि थेंबबाई निवांत झोपली असती.

थेंबबाई हे नाव इमारतीनेच ठेवलेलं. ती औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि गेले सहा महिने रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी परसातल्या टाकीच्या तोटीखाली काचेची बाटली धरून उभी राहायची. बाटलीच्या तोंडावरचा शेवटचा थेंब पुसल्याशिवाय हलायची नाही. तोंडावर तिला कोणी थेंबबाई म्हणत नसे, पण जिन्यात बोललेलं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

इमारत चार मजल्यांची, अठ्ठेचाळीस घरांची. विहिरीची पातळी वर्षागणिक खाली चाललेली. तीन वर्षांपूर्वी थेंबबाई आणि इमारतीचं नळकाम बघणारे नळकाका यांनी मिळून एक गोष्ट सुचवली होती. आंघोळीचं आणि कपडे धुतलेलं पाणी गटारात सोडायचं नाही. परसात खडी, वाळू आणि कर्दळीचे वाफे करायचे, त्यांतून ते गाळायचं आणि गच्चीवर चढवून संडासांना नि बागेला वापरायचं. "पाणी तेच," नळकाका प्रत्येक दारात जाऊन सांगायचे, "फक्त एका पाळीच्या जागी दोन पाळ्यांवर कामाला लावायचं." लोक हसले, कुरकुरले, आणि शेवटी सहा महिन्यांच्या चाचणीला तयार झाले. अट एकच: पाण्याचा गढूळपणा रोज मोजायचा आणि तो दहाच्या वर जाता कामा नये.

गेला नव्हता. थेंबबाईच्या वहीत चार, पाच, चार, पाच अशी पानंच्या पानं होती. एकदा सहा आला होता, तर तिला दिवसभर घास गोड लागला नव्हता. आता रविवारच्या सभेत ही व्यवस्था कायमची करायचं ठरणार होतं, आणि शेजारच्या दोन इमारती त्या निकालाची वाट बघत खोदकाम अडवून बसल्या होत्या. एका परसातलं तीन परसांत जाणार होतं. तिथून पुढे किती, याचा हिशेब ती रोज कारखान्याच्या बसमध्ये मनातल्या मनात करायची.

तर शनिवारी सेल संपला. कारखान्याने निकालात काढलेलं ते जुनं यंत्र, त्याला लागणारा सेलही जुन्या पद्धतीचा. दुकान नऊला उघडतं. ती सेल आणून परसात उतरली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सकाळचं पाणी तिने ओतून दिलं, कारण ठेवलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो आणि आकडा खोटा येतो. नवी बाटली भरली, पुसली, यंत्रात ठेवली.

एकतीस.

काचेवर बोटाचा डाग असेल, म्हणून तिने काच धुतली. पुन्हा भरली. तेहेतीस.

ती तिथेच वाफ्याच्या कडेला बसली. वर कुठेतरी कपडे धुण्याचं यंत्र गरगरत होतं. एक नव्हे, चार-पाच. दुसऱ्या मजल्यावरचं थांबलं, आणि परसातल्या पाइपात धबधब्यासारखं पाणी कोसळलं. कर्दळीची पानं हलली. खडीवर पांढरा फेस चढला आणि वाळूकडे न थांबता, घाईघाईने, वरच्या वरून टाकीत गेला.

आणि मग तिला कळलं. ठेवलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो, हे तिला पाठ होतं. आत्ताच तिने त्याच कारणासाठी एक बाटली ओतून दिली होती. आणि सकाळी सहाला टाकीत असतं ते पाणी रात्रभर ठेवलेलंच तर असतं. प्रयोग रोज एकाच वेळी, एकाच परिस्थितीत करायचा, हे तिच्या अंगात भिनलेलं. त्याच शिस्तीने तिने सहा महिने फक्त झोपलेलं पाणी मोजलं होतं. जागं पाणी तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

जिन्यावरून खाली तोंड काढून नळकाका म्हणाले, "काय बाई, आज उशीर? उद्याच्या भाषणाची तयारी वाटतं!"

तिने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडा वाचला, चष्मा परत वर केला.

"यंत्र म्हातारं झालंय," ते म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, काका. वेळ चुकली माझी. सहा महिने चुकली."

काकांनी वाकून खडीवरचा फेस पाहिला. मग आवाज उतरवून म्हणाले, "उद्याची सभा होऊन जाऊ दे. सोमवारी मी वाळूचा थर वाढवतो. कुणाला कळायचं नाही. तीन वर्षं घासलीत तुम्ही या परसात. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर पहिल्यापासून विरोधात टपून बसलेत, त्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं का?"

तिच्या डोक्यात मास्तर नव्हते. तिला तळमजल्यावरच्या नणंदेचं पोर दिसत होतं. दोन वर्षांचं, बागेतल्या नळाखाली थयथय नाचणारं.

दोन महिन्यांपूर्वी नणंद वर आली होती. "वहिनी, बागेतल्या नळाखाली खेळून आला की पाय लाल होतात गं याचे. पाण्याचं काही नसेल ना?" थेंबबाईने वही उघडून तिच्यापुढे धरली होती. चार. पाच. चार. "पाणी नाही ते, वन्सं. साबण बदलून बघा." नणंद तिच्याहून नऊ वर्षांनी लहान; वन्सं ही नुसती थट्टा. नणंदेने वहीकडे पाहिलं आणि गप खाली गेली.

त्या दिवशी थेंबबाई घरात टिकली नाही. दर तासाला बाटली घेऊन खाली, परत वर. दहाला बत्तीस. अकराला सव्वीस. बाराला सतरा. मधल्या वेळात तिने एकच कपाट तीनदा आवरलं. सासूबाई खुर्चीत बसून हे येणं-जाणं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाटलीची तब्येत बरी नाही का आज? दर तासाला ताप बघतेयस तो?"

"आहे ताप, आई."

"मग उतरतोय का?"

ती दारात थबकली. दोनला नऊ होता. तीनला सात. चारला सहा. उतरत होता. तिने कागद घेतला, तास आडवे मांडले, आकडे उभे, आणि ठिपके जोडले. रेघ साडेनऊच्या सुमाराला टोकाला होती आणि दुपारी घसरली. सहाचा ठिपका पडला तेव्हा एक बारकं टेंगूळ आलं. म्हणजे वाफे दिवसभराचं पाणी गाळायला पुरत होते. पुरत नव्हते ते फक्त सकाळच्या त्या तीन तासांना, जेव्हा मुलं शाळेत गेली, माणसं कामावर गेली की अठ्ठेचाळीस घरं एकदम कपडे धुवायला बसत.

कागद घेऊन ती संध्याकाळी आधी तळमजल्यावर गेली. नणंद पोराचे कपडे घडी करत होती. थेंबबाईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही न गाळता.

नणंदेच्या हातातली घडी अर्धवट राहिली. "तीन साबण बदलले मी," ती म्हणाली. "तीन. यांनी मला वेडी म्हटलं."

"हो."

"पाण्यानेच होतंय का ते?"

"माहीत नाही. असेलही. त्या पाण्यात साबण आहे, मळ आहे. पण नक्की माहीत नाही."

"तुला 'माहीत नाही' म्हणता येतं, हे मला आज कळलं, वहिनी." नणंदेने घडी पुरी केली. "त्या दिवशी वही नसती उघडलीस तरी चाललं असतं. खाली येऊन त्याचे पाय बघायचे होतेस."

थेंबबाई गुडघ्यावर बसली आणि पोराचे पाय पाहिले. पोटऱ्यांवर बारीक, खरखरीत पुरळ होतं. पोराला गुदगुल्या झाल्या आणि ते हसलं.

रविवारी दहाला गच्चीवर सभा भरली. अध्यक्षांनी वही उंच धरून कौतुकाचं बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात थेंबबाई उठली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. प्रयोगशाळेत बोलावं लागत नाही. ती म्हणाली, "वहीतले आकडे खरे आहेत, पण पाणी दिवसभर तसं नसतं. सकाळी साडेनऊ ते अकरा ते मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट घाण असतं. मी ते कधी मोजलंच नाही. चूक माझी आहे, काकांची नाही."

मग एकच गलका उडाला. सहा महिने आम्ही घाण वापरली का? आमची पोरं त्या नळाखाली खेळली! पाइप तोडा आणि जुनं ते सुरू करा! नळकाका खाली मान घालून नखाने चपलेची माती काढत बसले.

तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर उठले तसा गलका आपोआप कमी झाला. हा माणूस पहिल्या दिवसापासून विरोधात. आता तो काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी हात पुढे केला. "तो कागद बघू."

त्यांनी रेघ पाहिली. कागद लांब धरला, जवळ आणला.

"दुपारी दोन ते पाच रिकामंच की हे."

"हो."

"आणि संडासाला वापरायला काही अडचण?"

"संडासाला नाही. बागेच्या नळाला आहे. तो आजच बंद करायला हवा."

"मी काय म्हणतो ते ऐका," मास्तर लोकांकडे वळले. "मला ही कल्पना आवडलेली नाही, आजही नाही. पण हा घोटाळा मला ओळखीचा आहे. आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली की आठशे पोरं चार नळांवर तुटून पडायची. दरवर्षी कोणीतरी पडायचं, डोकं फुटायचं. सगळे म्हणायचे नळ वाढवा. मी सुट्टीच्या वेळा वेगवेगळ्या केल्या. नळ चारच राहिले."

"म्हणजे आता कपडे कधी धुवायचे तेही सभा ठरवणार?" मागून एक बाई कडाडल्या. "माझ्याकडचे मोजे सोमवारी मळले तर शुक्रवारपर्यंत तेच घालू का?"

"तुमचे मोजे मी ओळखतो, जिन्यात असतात," मास्तर म्हणाले. हशा पिकला, त्या बाईसुद्धा हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. सकाळी कामवाली येते तेव्हाच कपडे होतात, दुपारी कोण धुणार? कोणाचं बाळ, कोणाची रात्रपाळी. तासभर घोळ चालला. मास्तर कागदाच्या मागच्या बाजूला मजले आणि वार लिहीत, खोडत होते. पहिला मजला सोमवार-गुरुवार सकाळी, दुसरा मंगळवार-शुक्रवार, बाळांच्या घरांना दुपारचे तास मोकळे.

मग नणंद उठली. "माझी एक अट आहे," ती म्हणाली. वहिनीकडे तिने पाहिलं नाही. "पाणी वहिनीने एकटीने मोजायचं नाही. आणि ठरलेल्या वेळी तर नाहीच. चोवीस तासांच्या चिठ्ठ्या करा, आणि घरांच्याही. रोज दोन्हींतली एकेक काढायची. निघेल त्या वेळी, निघेल त्याने बाटली भरायची."

थेंबबाईला वाटलं, हे तिला स्वतःला कसं सुचलं नाही. कारखान्यात नव्या माणसाला ती पहिल्या आठवड्यात हेच शिकवायची.

मतं मोजली. कायमची व्यवस्था नामंजूर. आणखी तीन महिने चाचणी, धुण्याच्या वेळापत्रकासह, बागेचा नळ बंद ठेवून, हे चार मतांच्या फरकाने मंजूर. शेजारच्या इमारतींना थांबायला सांगायचं ठरलं. गच्चीवरून उतरताना नळकाका म्हणाले, "हाताशी आलेल्या दोन इमारती गेल्या, बाई."

"थांबल्यात, काका."

"थांबलेली माणसं जातात." मग दोन पायऱ्या उतरून, "वाळू मी तरीही वाढवतो उद्या."

बुधवारी थेंबबाई प्रयोगशाळेत होती. घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती. समोर गोळ्या विरघळवण्याचं काम चालू होतं आणि तिचं लक्ष दर मिनिटाला फोनकडे जात होतं. तो वाजला.

"आज माझी पाळी निघाली," नणंद म्हणाली. "वीस मिनिटं झाली मोजून. चौदा."

"बाटली पुसलीस?"

"पुसली."

"पुन्हा भरून..."

"दोनदा भरली, वहिनी. दोन्हीदा चौदा."

तेहेतीसवरून चौदा. आणि मर्यादा दहा. कोणीतरी आपला वार सोडून धूत होतं, किंवा वाळू अजून बसली नव्हती, किंवा वाफेच थोडे लहान पडत होते. तीन शक्यता, आणि तीनही खऱ्या असू शकत होत्या. तिने कागदाच्या कोपऱ्यावर तीन रेघा ओढल्या, मग त्या खोडल्या.

"चौदाच लिही," ती म्हणाली. "त्याचे पाय कसे आहेत?"

"तीन दिवसांत काय कळणार? तूच म्हणशील, आत्ता सांगता येत नाही." नणंदेचा आवाज किंचित सैल झाला. "संध्याकाळी ये बघायला."

"येते. उद्याची चिठ्ठी किती वाजताची निघाली?"

"ते तुला कशाला सांगू?"

गुरुवारी सहाला तिला जाग आलीच. ती खिडकीशी उभी राहिली. परसात कर्दळ, टाकी, तोटी. खाली कोणी नव्हतं. सहा वाजून पाच मिनिटं झाली. हात रिकामे होते, त्यांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिने ते खिडकीच्या गजांवर ठेवले. इतक्यात दुसऱ्या मजल्यावर कपड्यांचं यंत्र सुरू झालं. आज पहिल्या मजल्याचा वार. ती जिन्याकडे वळली, दोन पायऱ्या उतरली, आणि खालून येणारी यंत्राची गरगर ऐकत तिथेच थांबली.

मग उरलेल्या पायऱ्या उतरून तिने दुसऱ्या मजल्यावरचं ते दार वाजवलं.