परसात घडलेली जोडहोडी

मी एक जोडहोडी बोलतेय. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारे आडवे वासे, वर डोलकाठी आणि शीड, अशी माझी ठेवण. माझा जन्म कारखान्यातला नाही. घरामागे, कपडे वाळत घालायच्या दोरीखालचा.

मला घडवलं सासरा-सुनेनं. सासरे निवृत्त बसचालक. उभा जन्म किनाऱ्याच्या रस्त्यानं गाडी हाकली, पण समुद्र पाहिला तो काचेतूनच. सून शिवणकाम करायची. शीड शिवून देते म्हणाली आणि बघता बघता करवत घेऊन बसली. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "कलंडणारी असेल तर मी पाऊल ठेवणार नाही." म्हणून मला दोन पोटं.

पहिलं पोट झकास उतरलं. दुसरं मात्र बिघडलं. सुनेनं टोकाशी डोळा लावून पाहिलं, तर कणा केळ्यासारखा वाकलेला.

"बाबा, मापं तुम्हीच घेतली होती ना?"

"पाण्याखाली कोण बघतंय? रंग मार, झालं."

"अहो, अशी ही सरळ जायचीच नाही. खरं सांगा, पट्टीवरचे आकडे दिसतात तुम्हाला?"

सासरे उगाच रंधा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा म्हणतात. मला धीर होत नाही गं. देऊन टाक हे सगळं भंगारात."

"काही जाणार नाही भंगारात. आधी डोळे, मग होडी. तोवर करवतीला हात लावायचा नाही!"

सासरे फुगून बसले. शेवटी गेले दवाखान्यात, सुनेचा हात घट्ट धरून.

मी अर्धवट पडून होते. सासूबाई माझ्यावर चादरी वाळत घालायच्या. शेजारी विचारायचे, "पलंग करताय का?"

डोळे बरे झाल्यावर सासरे माझ्यापाशी आले, वाकून बघत राहिले. "अरे देवा, हे मी केलंय?" म्हणत पोट धरून हसले आणि स्वतःच करवत उचलली. खोटं कशाला बोलू, फार दुखलं. पण दर कापासरशी माझा आखडलेला कणा मोकळा होत गेला. सून रेघ मारायची, सासरे कापायचे, आणि फळीफळीवरून दोघांची जुंपायची.

मग एका सकाळी अख्ख्या गल्लीनं मला खांद्यावर घेऊन पाण्यात सोडलं. शीड फुगलं आणि मी ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ निघाले. सासूबाई वाशाला मिठी मारून, डोळे मिटून बसलेल्या. सुकाणूवरून सासरे ओरडले, "अगं, डोळे उघड! आपलं घर बघ, केवढंसं दिसतंय!"

आता माझा रंग उडालाय. एक वासा बदललाय, बुडाला खडकांचे ओरखडे आहेत. लोक सुनेला सांगतात, "झाकून ठेवा आता, टिकेल." नको गं बाई! झाकून ठेवायला का एवढा खटाटोप केलात? मला जपायचं तर पाण्यातच जपा. वारा सुटलाय. सोडा दोर.