पहिली नाडी

“आवो, हाई नाडी शे का मोटारनी तार?” बेबाबाईनं डाव्या हातानं दोरा चाचपला आणि ती हसायलाच लागली.

तिचा नवरा तोताराम ओशाळला. धरणगावात पस्तीस वर्षं त्यानं मोटारींचं वाइंडिंग केलं. तार ओढूनच बसवायची, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. क्रोशाचा टाकाही तो करकचून ओढी, मग पुढच्या टाक्याला सुईच सरकेना.

उद्या धुळ्याला नातवाचं बारसं. आधीच्या तिघांचं बारसं बेबाबाईच्या हातच्या टोपऱ्यात झालेलं. याचंही टोपरं तयार होतं, फक्त दोन नाड्या राहिल्या. साखरेनं तिची नजर गेलेली, तरी बोटांच्या अंदाजानं तिनं ते विणलं. आणि आठवड्यापूर्वी ओट्यावरून पडली. उजवा हात प्लास्टरात.

सकाळी धुळ्याहून लेकीचा, सारिकाचा फोन आला. “माय, ऱ्हाऊ दे. दुकानमातली रिबीन लाई देसू.”

बेबाबाईनं फोन ठेवला. टोपरं डब्यात ठेवून तिनं झाकण लावलं. ते लावणं तोतारामला बघवलं नाही.

“आन ती सुई. माले शिकाड.”

“तुम्ही? मोटार सोडीसन?”

“मोटार कोठे पयी जास? ती काय, तठेच शे.”

मग सुरू झालं. फास घ्या. सुईवर दोरा घ्या. फासातून बाहेर काढा. झाली एक साखळी. पहिली नाडी खिळ्यासारखी ताठ.

“तिनामातून करंट नई सोडना. पोरगाना गयाखाले बांधनी शे. ढिलं सोडा. डोया मिटा आते.”

त्यानं डोळे मिटले. तिचं बोट त्याच्या बोटावर. चाळीस वर्षं ही बाई त्याला डबा देत आली, पण ‘हे शिका’ म्हणून कधी बसवलं नव्हतं. बरं झालं, त्याला वाटलं, हिच्याकडून घ्यायचं अजून काहीतरी राहिलं होतं.

दुपारपर्यंत दोन मऊ नाड्या झाल्या. पहिली ताठ नाडी तो उसवायला गेला.

“उसवू नका. ती माले द्या.”

बारसं छान झालं. टोपरं घालून पोरगं गाढ झोपलं. निघताना दाराशी म्हाताऱ्यांच्या पाच-सहा काठ्या टेकवलेल्या.

“माय, तुनी कोनती?” सारिकानं विचारलं.

बेबाबाईनं डावा हात एकेका मुठीवरून फिरवला. चौथ्या मुठीला तारेसारखं ताठ काहीतरी बांधलेलं लागलं.

“हाई मनी,” ती म्हणाली.

तोताराम दाराबाहेर ते ऐकत चपला शोधत होता. त्याच्या पायाशीच होत्या, तरी त्याला दिसेनात.