दारावरची तारीख

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतेय. खेकसल्याशिवाय पोरं जागेवर बसत नाहीत. पण त्या सोमवारी मी जे बोलले, त्याची मला अजून लाज वाटते.

शेजारचे आर्विडकाका मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडले होते. त्यांच्या कोठीच्या दाराला आतून बोर्गहिल्डकाकूंनी अडतीस वर्षं पेन्सिलीनं तारखा लिहिल्या होत्या. वसंतात पहिला हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला रस पिणारं अंगठ्याएवढं पाखरू, अंगणात कधी आला, त्याच्या. काकू गेल्यावर काका लिहू लागले. एकही वर्ष सुटलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवतानासुद्धा माझा हात धरून म्हणाले, "मार्लिस, पंचवीस एप्रिलच्या आत साखरपाण्याची बाटली टांग हं. पाखरू पार मेक्सिकोहून येतं गं, आणि नेमकं खिडकीबाहेरच्या त्याच आकड्यापाशी घिरट्या घालतं. बाटली नसली तर काय म्हणेल?"

"टांगते हो," मी म्हणाले आणि साफ विसरले.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. अठ्ठावीसला बसचं टायर फुटून मी उशिरा घरी आले होते, शेगडीवर बटाट्याचं सूप उतू चाललं होतं, आणि वाजला मेला फोन.

"आलं का गं?"

"आलं हो एकदाचं!" मी खेकसले. "सकाळी सात दहाला. लाल गळ्याचा नर. झालं समाधान?"

पलीकडे मग म्हातारा चक्क रडायलाच लागला. "बोर्गहिल्डचं वर्ष चुकलं नाही बघ. जा, आत्ताच्या आत्ता दारावर लिही."

तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गेले, आणि काकूंच्या ठसठशीत अक्षरांखाली माझ्या हातानं खोटी तारीख लिहिली. मग घाईघाईनं चार वाट्या पाण्यात एक वाटी साखर विरघळवून बाटली टांगली. म्हटलं, उद्या-परवा येईलच की, कोणाला कळतंय!

तर दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला आणि बर्फ पडला. काकांनी नर्सकडून फोनवरच्या नकाशात आमच्या गावावर लाल ठिपका टाकून घेतला होता. देशभरातली माणसं पहिलं पाखरू दिसलं की असा ठिपका टाकतात. बाकीचे ठिपके खाली इलिनॉयमध्येच थांबलेले, आणि अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये आमचा एकटाच.

"एवढ्या गारठ्यात एकटा जीव गं तो!" काका फोनवर कळवळले. "बाटली गोठेल. दिवस मावळला की घरात घे, उजाडायच्या आत पुन्हा टांग. ते भुकेलं उठतं."

पाच दिवस मी नसलेल्या पाखरासाठी पहाटे बर्फ तुडवत गेले, आणि संध्याकाळी काकांना फोनवर तसं सांगितलं. नसते गेले तर कोणाला कळणार होतं? पण घरात बसवत नव्हतं. करणी माझीच होती.

सहाव्या दिवशी शेजारी काकांच्या दारात गाडी थांबली. काका! हातात वॉकर, सोबत घरी राहायला आलेली जोलीन नावाची नर्स. डॉक्टर अजून तीन आठवडे सोडायला तयार नव्हते. हे स्वतःच्या जबाबदारीवर सही करून आले होते.

"पाखरू सोसतंय, मग मला काय धाड भरलीय?" म्हणाले, आणि पायरीवरच कोसळायला लागले. जोलीननं आणि मी कसंबसं उचलून स्वयंपाकघरात बसवलं. चेहरा पिठासारखा पांढरा. 

"काका, पाखरू आलंच नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. बाटलीसुद्धा टांगायला विसरले होते."

त्यांनी कोठीच्या दाराकडे बघितलं.

"मग पहाटे बाटली कोणासाठी टांगत होतीस?"

"तुमच्यासाठी."

"हं."

"खोडू का ते?"

"नको. बोर्गहिल्डनं कधी काही खोडलं नाही." मग जोलीनला तो ठिपका काढायला सांगितला आणि मला म्हणाले, "कॉफी पिऊन जा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी दक्षिणेचा वारा सुटला. मी त्यांच्या मोरीवर कप विसळत होते, ते खिडकीकडे पाठ करून बसले होते. तसंही मोतीबिंदूमुळे त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नाही. आणि बाटलीपाशी, अगदी आकड्याखाली, ते आलं! गळा निखाऱ्यासारखा लाल.

"काका, आलं! अहो, आलं बघा!"

त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. पेन्सील अर्धी बाहेर आली आणि तिथंच थांबली.

"जोलीन," त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "जरा येऊन बघतेस का गं?"

जोलीन हात पुसत आली, काचेला नाक लावून उभी राहिली. बाटली नुसती हलत होती.

"काही नाही इथं," ती म्हणाली.

काकांनी पेन्सील पुन्हा खिशात सारली. "येईल गं, यायचं तेव्हा," ते मला म्हणाले, अगदी मायेनं. मी तोच कप पुन्हा विसळायला घेतला.