विल्हेल्मिनेचा काळा बिल्ला

या, सरका थोडे पुढे. लांब बसलात तर ऐकू येईल, पण गोडी लागायची नाही. एका बोटभर बिल्ल्याची गोष्ट सांगतो. जर्मनीतल्या आमच्या आयझनरोडे गावात ती घडली, तेव्हा मी तिथंच होतो.

पहिल्या महायुद्धात आमच्या चर्चपुढे मोठा लाकडी क्रूस उभा केला होता. विधवा-अनाथांसाठी दान टाकायचं, क्रूसात एक खिळा ठोकायचा आणि आठवण म्हणून मिळालेला पितळी बिल्ला छातीला लावायचा, अशी तेव्हाची रीत. तो क्रूस दुरुस्त होऊन येत्या रविवारी पुन्हा उभा राहायचा होता. शेजारी काचेत एक अस्सल बिल्ला ठेवायचा आणि त्याखाली खिळा ठोकणाऱ्याचं नाव कोरायचं, असं चर्चच्या पास्टरनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ठरवलं होतं. पण बाजारात नकलांचा सुळसुळाट. जुने बिल्ले जमवणाऱ्या आम्हा संग्राहकांचा शब्द मिळाल्याशिवाय ते काही ठेवायला तयार नव्हते.

म्हणून ओटिलीबाई आमच्या अदलाबदलीच्या मेळ्यात आल्या. गावाच्या जुन्या शिक्षिका. रुमालात आजीचा बिल्ला. आजोबांचं नाव युद्धस्मारकावर आहे. पण जिनं लोकांचे कपडे धुऊन चार पोरं वाढवली, त्या आजीचं, विल्हेल्मिनेचं, नाव कुठेच नाही. आमच्याकडे कबरीची जागा ठराविक वर्षांपुरतीच मिळते; मुदत संपली तशी तिची कबरही काढून टाकली. ते नाव एकदा कुठेतरी कोरलेलं बघावं, एवढीच बाईंची आस.

आमच्यातला जाणता म्हणजे रुडिगर क्लाप्रोट. त्यानं भिंग लावलं, बिल्ला दिव्याखाली तिरपा धरला आणि मान हलवली. सगळ्या अंगावर बारीक बुडबुडे होते. अस्सल बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असतो, त्याच्या रेषा कशा धारदार. बुडबुडे दिसले की समजावं, कुणीतरी साच्यात धातू ओतून नक्कल केलीय. शिवाय रंगही पितळेचा नव्हे, काळाकुट्ट.

"ओतीव आहे, बाई," तो खाली बघत म्हणाला.

"पाढे चुकायचास तेव्हाही असाच ठामपणे चुकायचास, रुडिगर," बाई म्हणाल्या. "पुन्हा बघ."

हशा पिकला. रुडिगर लाल झाला, पण भिंग पुन्हा उचललं. आणि तसाच थबकला. मला बोटानं खुणावून जवळ घेतलं. एक बुडबुडा फुटलेला होता आणि त्याच्या तळाशी, केसाएवढी, पिवळी सरळ रेघ! म्हणजे बुडबुडे धातूत नव्हते, वरच्या कसल्याशा थरात होते.

आता पेच पडला. बिल्ला कधी पुसायचा नाही, घासायचा नाही, हा आमच्या पंथाचा पहिला नेम. म्हणून तर कुणीही त्या काळेपणाला बोट लावलं नव्हतं. रुडिगरनं बाईंना विचारलं, आजीनं यावर काही लावलं होतं का.

आई सांगायची, बाई म्हणाल्या, नवरा पडल्याची खबर आली त्या वर्षी आजीनं घरातलं चकाकणारं सगळं काळं केलं होतं. लोखंडी चुलीला लावायचा काळा लेप बुटांच्या बकलांना, शालीच्या पिनेला, सगळ्याला फासून गरम चुलीवर वाळवला होता. दुःखात अंगावर चमक नको म्हणून. म्हणजे ते बुडबुडे तापलेल्या लेपाला आलेले फोड!

"मागच्या बाजूला, कडेला, थोडंसं काढू?" रुडिगरनं विचारलं.

बाईंनी मान डोलावली. लाकडी काडीच्या टोकाला तेलाचा थेंब. सगळा हॉल टेबलाभोवती गोळा झाला होता, प्लमच्या केकवर माश्या बसल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं. काडी हळूहळू फिरली. लेप सुटला. खाली सोन्यासारखं पितळ, आणि कडेवर ठशातून कापल्याचे आडवे ओरखडे, कोरे करकरीत, एकही बुडबुडा नाही. म्हणजे दाबून काढलेला, अस्सल! मी मनातल्या मनात देवाचं स्तोत्र गाऊन टाकलं. रुडिगर तर, स्वतः चुकला होता ना, सगळ्यांत जास्त आनंदानं हसत होता. आता सगळाच उजळून देतो, काचेत झगमगेल, म्हणाला.

"नको," बाई म्हणाल्या. "तो काळेपणा तिच्याच हातचा आहे."

रविवारी तो तसाच, काळा, काचेत गेला. खाली नाव कोरलं, बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून गायलं.

आमच्या गावी याल न याल. पण आज निजण्याआधी हात जोडाल तेव्हा विल्हेल्मिने ब्रांडहोर्स्ट हे नाव एकदा घ्या. एवढं माझ्यासाठी कराच.