लाल दोऱ्याचे वेळू

"मेल्यांनो, एवढी अक्कल कुठून आणलीत?" असं मी अख्ख्या वाडीवर ओरडले खरी, पण चूक माझीच होती.

तुषारा दारात उभी होती. तिरुवनंतपुरमच्या कॉलेजातली पोरगी, दोन पावसाळे आमच्याकडे राहून नखाएवढ्या हिरव्या बेडकांपायी रान तुडवणारी. तिच्या पायाशी एकोणीस वेळूंचा भारा. प्रत्येकावर तिनेच बांधलेला लाल दोरा.

"तुझ्यासाठी ग," माझी सासू पारप्पी तिला म्हणाली. नात्याने माझी आत्याच ती. "चार दिवस तापाने पडलीस ना? आम्ही बायकांनी तोडून आणले. पण भोकाचेच कशाला निवडलेस, बाई? टोपलीला काही उपयोग नाही."

आमच्या वाडीत तसंच आहे. बाळंतीण असो, आजारी असो, तिने टोपलीसाठी हव्या त्या वेळूला नुसता दोरा बांधायचा; बाकीच्या तोडून तिच्या दारात टाकणार, विचारणारसुद्धा नाहीत. तुषाराने अभ्यासाची खूण म्हणून पहिला दोरा बांधला तेव्हा मी शेजारीच होते. हिचे दोऱ्याचे वेळू तोडू नका, असं वाडीत सांगायला हवं, हे मनात आलंही होतं. मग घरी आले, चहा टाकला, गप्पा मारल्या आणि राहूनच गेलं.

पोरीचा चेहरा पांढराफटक. ती भाऱ्यावर वाकली. "माथीअक्का, यांत अंडी आहेत."

"कुणाची?" आत्याने विचारलं.

"बेडकांची. मादी त्या भोकातून आत शिरते, अंडी घालते आणि जाते. बाप राखत बसतो. तो हलला की दुसरा बेडूक येऊन अंडी खाऊन टाकतो."

"बाप राखतो?" आत्या फिस्सकन हसली. "मग आमच्या म्हाताऱ्यापेक्षा बराच की!"

तेवढ्यात भाऱ्यातून आवाज आला. टिक. टिक-टिक-टिक.

हा आवाज मी जन्मापासून ऐकतेय. वाऱ्याने वेळू कुरकुरतो, असंच सगळे म्हणायचे.

तुषाराने भोकाला बॅटरी लावली. मी डोळा लावून पाहिलं. आत तो बाप बसलेला, आणि खाली कांड्याला चिकटलेली सहा अंडी. प्रत्येकात इवलासा बेडूक, हातापायांसकट, वळवळत होता.

"अगं बाई! तोडलं, आपटलं, डोक्यावरून आणलं, तरी हा जागचा हलला नाही?"

"पिल्लं आहेत ना त्याची," तुषारा रडत म्हणाली.

मग काय, वाडीतल्या सगळ्या बाया निघाल्या. भरली घागर न्यावी तसा एकेक वेळू उभा धरून रानात नेला आणि ज्याच्या त्याच्या बुंध्याला वेलाने बांधला. संध्याकाळपर्यंत तेरा वेळूंतून टिकटिक यायला लागली. सहा मुकेच राहिले. तुषारा त्या सहांपाशी कितीतरी वेळ बसून होती.

घरी येऊन मी चूल पेटवायला बसले. शेजारी भोकाच्या वेळूंच्या तुकड्यांची रास होती, कालच तोडलेली. विणायला चालत नाहीत, म्हणून सरपण. मी काडी ओढली तशी आत्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"माथी, चाळीस वर्षं मी हेच जाळतेय ग," ती म्हणाली. "चुलीत घातलं की आतून टिकटिक यायची. मी पोरांना सांगायची, ओला वेळू तडतडतोय म्हणून."

मी काडी विझवली. आत्याने ती रास ओढत अंगणात नेली, पावसातच फतकल मारून बसली आणि एकेक तुकडा कानाला लावू लागली.