तीनशे की साडेतीनशे

अवधूत गायधनीला बेचाळिसाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घ्यायची हौस आली. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण हौसेला बायको असते. वृंदा म्हणाली, "साधी चार दारांची गाडी घ्या, मागे सीट, भाजी ठेवायला डिकी. दोन दारांच्या गाडीत नुसतं मिरवायचं? लोक हसतील, म्हणतील गायधन्यांना म्हातारचळ लागला."

पण अवधूत ऐकतो कुठला! दोह्यात अल थुमामातल्या घरापासून रास लफानच्या गॅस प्लांटपर्यंत जायला ऐंशी-नव्वद किलोमीटर, यायला तेवढेच. एवढा रस्ता रोज तुडवायचाच आहे, तर आनंदाने तुडवावा, असं त्याचं म्हणणं. गाडीही मनात ठरलेली होती. ती जपानी झेड. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या पिढीची? पंच्याण्णव सालच्या मॉडेलची, म्हणजे 'तीनशे', की दोन हजार चारची 'साडेतीनशे'?

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? नवी घ्यावी आणि मोकळं व्हावं. पण ती तीनशे संजीवची होती, आणि संजीव मेला होता.

संजीव कोठावदे. अवधूतचा नाशिकपासूनचा मित्र, त्याच प्लांटवर, त्याच शिफ्टला, आणि राहायला दोन गल्ल्या पलीकडे. चार वर्षं तो रोज पहाटे तीनशे घेऊन अवधूतच्या फाटकाशी यायचा, दोनदा हॉर्न मारायचा, आणि अवधूत डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. गाडीला सीटाच दोन. डावीकडे बुटका संजीव, सीट पुढे ओढलेली, ढेरी स्टिअरिंगला टेकलेली. उजवीकडे अवधूत, गुडघे छातीशी. मग मिसळीच्या रश्श्यापासून मॅनेजरच्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार होईतो रास लफान यायचं. अख्ख्या दोह्यात अवधूतला एवढं हसवणारा दुसरा माणूस नव्हता.

मागच्या सप्टेंबरात एके पहाटे संजीवने दोनदा हॉर्न मारला आणि अवधूत खाली गेला नाही. "ताप आहे रे," असं फोनवर सांगितलं. ताप कसला, डोंबलाचा! त्याला गाडीवाल्या मुनाफकडे एक साडेतीनशे बघायला जायचं होतं, आणि खरं सांगितलं असतं तर संजीवने महिनाभर चिडवलं असतं. संजीव एकटाच गेला. वाटेत अल खोरच्या पुढे त्याच्या छातीत कळ आली. त्याने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि तिथेच संपला. बाजूने गाड्या सुसाट जात राहिल्या. दीड तासाने पोलिसांची गाडी थांबली. शेजारी कुणी असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. ताप नव्हता हे फक्त वृंदाला ठाऊक होतं, आणि तीही तो विषय काढत नसे.

त्या दिवशी साडेतीनशेचं राहूनच गेलं. सहा महिने अवधूत कंपनीच्या बसने गेला. आता मार्च संपत आला होता. संजीवची बायको सरोज त्याचे दिवस नाशिकला करून परत आली होती, मुलगी ईश्वरीच्या बारावीच्या परीक्षेसाठी थांबली होती. ईश्वरीचे पेपर झाले, सामान कार्गोने गेलं, शनिवारची तिकिटं हातात आली. राहिली होती ती फक्त गाडी.

"भाऊजी, तुम्हीच घ्या," सरोज म्हणाली. "बाहेरच्याला द्यायची नाहीये मला."

"बघतो वहिनी. शुक्रवारी चालवून बघतो," अवधूत म्हणाला. नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

शुक्रवारी सकाळी आधी तो मुनाफकडे गेला. मुनाफ रत्नागिरीचा, जुन्या गाड्यांचा धंदा करणारा, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याने साडेतीनशेची चावी हातात ठेवली. "जा, फिरवून आणा. नाय आवडली तर माझं नाव बदला." अवधूतने ती वेस्ट बेपर्यंत नेली. सीट कडक, क्लच जड, स्पीडब्रेकरवर पाठीचे मणके एकेक करून मोजून देणारी. पण काय ओढ! काय एसी! स्टिअरिंगमध्ये एअरबॅग, बॉनेट उघडलं तर हात घालायला जागा. परत आला तेव्हा तो शाळा सुटलेल्या पोरासारखा हसत होता.

"तीनशे दिसायला लाख देखणी," मुनाफ म्हणाला, "पण बारा वर्षांची म्हातारी. शुक्रवारी मिरवायला ठीक. रोज जायचं तर हीच. तुम्हाला गाडी हवीय की आठवण, ते ठरवा."

अवधूतने चावी परत केली. आठवण हा शब्द त्याला झोंबला.

दुपारी नमाज आटोपून रस्ते पुन्हा सामसूम झाले तेव्हा तो सरोजच्या बिल्डिंगखाली पोचला. सहा महिने हात न लागलेली गाडी. बॅटरी मेलेली असणार म्हणून त्याने जंपर केबलही आणली होती. कव्हर काढलं. सरोजने दिलेली चावी लावली आणि फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. एसीतून थंडगार हवा आली, जणू आत्ताच कुणीतरी तासभर चालवून आणली होती.

"वा रे वा," अवधूत मोठ्याने म्हणाला. मोठ्याने बोललं की माणसाला बरं वाटतं.

सीट फारच पुढे होती. त्याने ती मागे सरकवली, बेल्ट लावला आणि निघाला. चार वर्षं या गाडीत बसला होता, पण या बाजूला पहिल्यांदाच. पहिला राउंडअबाउट येईतो त्याचे गुडघे पुन्हा स्टिअरिंगला लागले. त्याने सीट परत मागे ढकलली. दुसऱ्या राउंडअबाउटला गुडघे पुन्हा वर. आणि बेल्ट! अवधूत म्हणजे काठी. पोट म्हणून काही नाहीच. पण बेल्ट त्याच्या अंगापासून चांगला वीतभर लांब ताणून राहिला होता. त्याने तो हाताने दाबून बघितला. बेल्ट आत जाईना. मध्ये काहीतरी होतं. मऊ होतं, आणि ते श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं.

आपण सीटवर नाही, कुणाच्या तरी मांडीवर बसलोय, असं त्याला स्पष्ट वाटलं. त्याने ब्रेक दाबला, तर पाय नुसताच खाली गेला. गाडी आपल्या चालीने चालत राहिली. वळण आलं की स्टिअरिंग त्याच्या बोटांखालून आधीच फिरायचं. भर दुपारचं पांढरंफटक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि गाडी बरोब्बर त्याच्या गल्लीत शिरून त्याच्याच फाटकाशी थांबली. हॉर्न वाजला. दोनदा. अवधूतचे दोन्ही हात मांडीवर होते.

मग उजव्या, त्याच्या नेहमीच्या दाराचं लॉक वर आलं. खट्.

वृंदा ओढणी सावरत फाटकाशी आली. तिने गाडीकडे बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली. चेहरा पांढरा पडला होता.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"काय वाटलं?"

"काही नाही. ही गाडी नका घेऊ. पाया पडते तुमच्या. आत्ताच्या आत्ता परत करून या."

परत करायला मात्र गाडीने काही त्रास दिला नाही. गुमान गेली. अवधूतला तेच जास्त भयंकर वाटलं. बिल्डिंगखाली गाडी लावून, बंद करून, चावी काढून तो तीन मजले चढला आणि सरोजच्या समोर टेबलावर चावी ठेवली. घरात दोन खुर्च्या, ते टेबल आणि चार बॅगा एवढंच उरलं होतं.

"वहिनी, राग मानू नका. मी साडेतीनशे घेतोय. रोजच्या रस्त्याला तीच बरी."

सरोजने चहाचा कप खाली ठेवला. चावीला तिने हात लावला नाही.

"दहाव्याला कावळा शिवत नव्हता, भाऊजी," ती म्हणाली.

मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा पिंडाला शिवत नाही, आणि ती पुरवायचा शब्द घाटावर मोठ्याने द्यावा लागतो, हे काय नाशिकच्या माणसाला सांगायला हवं होतं?

"दिरांनी सगळं कबूल केलं. ईश्वरीला शिकवू म्हणाले. आईंना अंतर देणार नाही म्हणाले. कावळे भिंतीवर ओळीने बसलेले, एक हलेल तर शपथ. बारा वाजून गेले. गुरुजीही कंटाळले. मग दिरांना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, 'दादा, एकटा गेलास ना? ईश्वरी बसेल तुझ्या गाडीत, तुझ्या शेजारी.' आणि एक कावळा टुणकन खाली उतरला. पिंडाकडे मान वळवली त्याने." सरोज टेबलावर पुढे वाकली. "माझ्या काळजात चर्र झालं. शेजारी म्हणजे कुठे, भाऊजी? ते आहेत तिथे? मी सगळ्यांसमोर ओरडले, 'ती नाही! अवधूतभाऊजी बसतील. रोज बसायचे तसे!' कावळ्याने माझ्याकडे बघितलं. आणि मग शिवला."

"माझं नाव घेतलंत?" अवधूत उठून उभा राहिला. "मला न विचारता? मला बायको आहे, वहिनी. मीही कुणाचा तरी आहे!"

"आई आहे मी. विचारायला वेळ कुठे होता?" ती रडत नव्हती, हेच अवधूतला सहन होईना. "म्हटलं, गाडी तुम्ही घ्याल, रोज चालवाल, तेवढ्यावर भागेल. आता तुम्ही नाही म्हणताय. मग तो शब्द कुणावर येतो, ते तुम्हीच सांगा."

"हे सगळं मनाचे खेळ आहेत," अवधूत म्हणाला. स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. "शनिवारी विमानात बसा. खलास. विसरून जा सगळं."

खाली हॉर्न वाजला. दोनदा.

दोघांनीही टेबलाकडे बघितलं. चावी सरोजच्या कपाशेजारी होती तिथेच होती.

"ईश्वरी कुठाय?" अवधूतने विचारलं.

"कचरा टाकायला खाली गेलीय," सरोज म्हणाली. तिने चावी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

अवधूत जिने कसा उतरला ते त्याचं त्याला ठाऊक. गाडी चालू होती. उजव्या सीटवर ईश्वरी बसली होती, सतरा वर्षांची, केस वर बांधलेले, पायाशी कचऱ्याची रिकामी बादली. डावीकडे कुणीच नव्हतं, आणि डावीकडचा बेल्ट लावलेला होता, वीतभर पुढे फुगून.

"अंकल, इट जस्ट ओपन्ड," ती हसत म्हणाली. "तुम्ही स्टार्ट केली ना?" मग तिने स्वतःच्या बेल्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिचं हसू गेलं. "अंकल, द बेल्ट इज स्टक. इट्स टाइट. इट्स हर्टिंग मी."

अवधूतने खिडकीतून हात घालून बटण दाबलं. दगडावर दाबल्यासारखं. बेल्ट पोरीच्या गळ्याशी सरकत होता. हँडब्रेक हळूच खाली गेला, आणि चाकांखालची वाळू करकरली.

पळून जावं असं अवधूतला वाटलं, नाही असं नाही. मुनाफकडची ती चकचकीत साडेतीनशे डोळ्यांपुढे आली. फाटकाशी उभी वृंदा आली. वृंदा आली तेव्हा त्याला हुंदका फुटला. पण समोर संजूची पोरगी होती. बारशाला त्यानेच हिचा पाळणा हलवला होता, आणि ती आता "अंकल, अंकल" करत त्याचं मनगट धरून रडत होती.

तो रिकाम्या सीटकडे वाकला.

"संजू," तो म्हणाला, "ती तुझी लेक आहे रे, शहाण्या. तिला उतरू दे. मी बसतो."

बेल्ट सुटला. अवधूतने ईश्वरीला दंडाला धरून बाहेर ओढलं, बादलीही तिच्या हातात दिली, आणि म्हणाला, "वर जा. आईला सांग, विमान चुकवू नका. आणि वृंदाकाकूला फोन कर." काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही. तो आत बसला. दार आपोआप लागलं.

वर गॅलरीत सरोज उभी होती, चावी अजून मुठीतच. अवधूतने मान वर करून तिच्याकडे बघितलं. एक हाक मारेल, थांबा म्हणेल, असं त्याला वाटलं. ईश्वरी धावत जिन्यात शिरली तशी सरोज वळली आणि लेकीसाठी दार उघडायला आत गेली.