इस्त्री केलेली नोट

आमच्या देशाच्या जुन्या नोटांवर शून्यांची रांग, पण तेव्हा त्यांत पावही मिळत नव्हता. आता बाजारात अमेरिकी डॉलरच चालतात, आणि त्या बाद नोटा मी धबधब्याच्या फाटकाशी बसून परदेशी पाहुण्यांना विकते. नशिबाचे खेळ, दुसरं काय!

एक मात्र जपून ठेवली होती. शंभर लाख कोटींची, कोरी करकरीत, पण नंबराच्या जागी नुसता शाईचा फराटा. असल्या छापताना चुकलेल्या नोटेला शौकीन लोक वाट्टेल ते मोजतात. हॉटेलात उतरलेल्या क्रॉफर्डसाहेबाने, अशाच एका शौकिनाने, फोटो बघूनच सांगितलं होतं, "आठशे डॉलर देतो. जशी आहे तशी आण."

आणि आम्हाला पैसे आत्ताच हवे होते. माझा धाकटा भाऊ लव्हमोर जोहान्सबर्गला बांधकामाच्या परांचीवरून पडून मेला. शुक्रवारपर्यंत त्याला आणायला गाडी पाठवली नाही, तर त्याला तिथेच बेवारशी पुरणार होते. परक्या मातीत पुरलेला माणूस आमच्यात घरी येत नाही, भटकत राहतो.

गुरुवारी सकाळी नोट घ्यायला आत गेले, तर आई तिच्यावर इस्त्री फिरवत होती.

"आई! हे काय केलंस?"

"अगं सेकेसाई, केवढा डाग होता! परवा माझा मळका डॉलर दुकानदाराने तोंडावर फेकला, मेल्याने. सगळेच धुतात की आपले डॉलर. लव्हमोरला आणायचे पैसे, स्वच्छ नकोत का?"

फराटा जवळजवळ गेला होता. तिच्यावर ओरडू तरी कशी? पोर गेलं होतं तिचं.

तशीच हॉटेलात गेले. साहेबाने नोट भिंगाखाली धरली, मग उजेडाकडे.

"धुतलीस?"

"आईने. पण फोटो आहे ना तुमच्याकडे?"

"फोटोला काय करू? चूक छापखान्यात झाली की तुमच्या घमेल्यात, हे आता कोण सांगणार? पाच डॉलर."

मी त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले आणि वेटरला बिल मागितलं.

घरी आईने लव्हमोरला ठेवायला खोली सारवून घेतली होती. हात अजून शेणाने भरलेले. माझ्या मुठीतली पाचाची नोट तिने पाहिली.

"एवढेच? डाग नीट निघाला नव्हता का गं?"

"निघाला होता, आई," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ निघाला होता."